जाळं सांधणारी विमलाबाई

पवनीच्या विणकर मोहल्ल्यात विमलाबाईचं घर कोणालाही विचारा, सांगतील. अंगणात मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड, झाडापलीकडे हातमागाची खोली आणि इकडे ओसरीवर शिलाई मशीन. साडीला फॉल लावायचा, पिको करायचा, ब्लाऊजला हुक लावायचे, ही तिची रोजची कामं. साठीला दोन वर्षं कमी असतील. नवरा नंदलाल, त्याची सगळी हयात कोशाची, म्हणजे टसर रेशमाची लुगडी विणण्यात गेली. तीन वर्षांमागे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं उद्या करू, परवा करू करता राहिलं, आणि तेवढ्यात माग बंद पडला तो पडलाच. एकुलती लेक रेणू लग्न होऊन नागपूरला गेलेली. घरात दोघंच.

नंदलाल मागावर बसायचा तेव्हा बाकीचं सगळं विमलाबाईकडे असायचं. कांड्या भरायच्या, ताणा लावायचा आणि मुख्य म्हणजे तुटलेली तार सांधायची. कोशाची तार केसापेक्षा बारीक. तुटली की दोन टोकं हुडकून चिमटीत धरायची आणि गाठ अशी मारायची की मागाच्या फणीतून जाताना अडू नये, नेसणारीच्या हाताला लागू नये. विमलाबाई ती गाठ न बघता मारायची. बोलता बोलता, चुलीवरच्या दुधाकडे लक्ष ठेवून. या कामाचं कोणी नाव घेत नाही. लुगडं विणलं कोणी, तर नंदलालनं. तिलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मार्च महिना होता. शिमगा होऊन गेला होता आणि दुपारी ऊन चांगलंच लागत होतं. अशा एका दुपारी तिशीचा एक माणूस खांद्यावर पिशवी घेऊन ओसरीपाशी आला. नाव अनुप. वटवाघळं तपासणाऱ्या एका पथकात तो जाळी लावायचं काम करतो, असं त्यानं सांगितलं.

त्या पथकाबद्दल पवनीत सगळ्यांनी ऐकलं होतं. दूर दक्षिणेकडे कुठे वटवाघळांपासून माणसांना ताप आला होता, माणसं दगावली होती. टीव्हीवर ते दाखवल्यापासून कोंढ्याच्या वाटेवरच्या बंद धानगिरणीतली वटवाघळं लोकांच्या डोळ्यांत खुपायला लागली होती. मिरच्यांची धुरी देऊन सगळी मारून टाकू, असं काही जण म्हणत होते. तेवढ्यात हे पथक आलं. संध्याकाळी गिरणीच्या तोंडाशी जाळं लावायचं, वटवाघूळ पकडायचं, घशातून कापसाचा बोळा फिरवायचा, पंखातून थेंबभर रक्त घ्यायचं आणि परत सोडून द्यायचं. नमुने बर्फात घालून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवायचे.

अनुपनं पिशवीतून जाळं काढलं. काळं, इतकं बारीक की हातावर घेतलं तरी घेतल्यासारखं वाटेना. ठिकठिकाणी फाटलं होतं.

"नवीन जाळी यायला महिना लागेल," तो म्हणाला. "गोसीखुर्द धरणावरच्या मासेमारांना विचारलं. ते म्हणाले, इतका बारीक धागा आमच्या हातचा नाही. विणकरांकडे जा."

नंदलालनं जाळं डोळ्यांजवळ नेलं, मग दूर धरलं, आणि बायकोकडे दिलं.

विमलाबाईनं ते बोटांवर घेऊन पाहिलं. जाळ्याची प्रत्येक गाठ तिच्या ओळखीची निघाली. तुटलेली तार सांधताना ती जी गाठ मारायची, तीच.

"हे तं मले येते," ती म्हणाली. "पन बापू, याले चमगादडाचं काही लागलं-बिगलं तं नाही नं?"

"औषधाच्या पाण्यात दोनदा बुडवून, उन्हात वाळवून आणलंय मावशी."

तरी तिनं ते स्वतःच्या हातानं परत एकदा साबणात धुतलं. मग मुनग्याखाली बसून दोन दिवसांत सगळी भोकं सांधली. अनुपनं जाळं उलटसुलट करून पाहिलं. भोकं कुठे होती ते त्याला सापडेना.

तिसऱ्या दिवशी पथकाची प्रमुख स्वतः घरी आली. डॉक्टर तेजस्विनी, जनावरांची डॉक्टर, वयानं रेणूएवढीच. म्हणाली, "मावशी, जाळं लावल्यावर ते फाटतं कसं, ते तुम्ही एकदा बघितलंत तर बरं होईल. संध्याकाळी गाडी पाठवते. लांब खुर्चीवर बसायचं, वटवाघळाला हात लावायचा नाही."

"जा," नंदलाल म्हणाला. "पाहून ये."

गिरणीसमोर विमलाबाई खुर्चीवर बसली. तिलाही मास्क, चष्मा आणि पायघोळ पांढरा डगला घातला होता. दिवस मावळला तशी वटवाघळं बाहेर पडू लागली. शेताच्या बांधावरच्या मोहाच्या झाडांकडे चालली होती सगळी. काही जाळ्यात अडकत, अनुप ती अलगद काढी, कापडी थैलीत घाली, टेबलापाशी डॉक्टर तपासे. विमलाबाईला आधी शिसारी आली होती. अर्ध्या तासात ती गेली आणि तिचं सगळं लक्ष अनुपच्या बोटांकडे लागलं. तो कुठे चुकतोय ते तिला दिसत होतं. तो धागा ओढत होता. अडकलेला धागा ओढायचा नसतो, ढिला करायचा असतो.

असे चार दिवस ती गेली. दिवसा जाळं सांधायची, संध्याकाळी खुर्चीवर बसायची. पाचव्या दिवशी ते घडलं.

एक मादी जाळ्यात वाईट गुरफटली. पोटाला पिल्लू चिकटलेलं. धागा तिच्या मानेभोवती आणि पंखाच्या सांध्याभोवती दोन-तीन वेळा फिरलेला. ती जितकी धडपडे तितका तो रुतत जाई. अनुपनं कात्री काढली, पण कात्रीचं टोक घालायला जागाच नव्हती. धागा कापायला गेलं तर पंखाची चामडी कापली जाणार. पिल्लू चिमणीसारखं बारीक ओरडत होतं.

विमलाबाई खुर्चीवरून उठली. "डॉक्टरबाई, मले करू द्या."

तेजस्विनीनं क्षणभर विचार केला. तिला नियम ठाऊक होता, आणि त्या मादीचा श्वास अडकत चाललाय हेही दिसत होतं. तिनं विमलाबाईच्या हातात रबरी मोजे चढवले, त्यावर जाड चामड्याचे चढवले. "चामड्याचा मोजा काढायचा नाही. अनुप डोकं धरेल. एवढं वचन द्या."

"हो."

अनुपनं मादीचं डोकं धरलं. विमलाबाई कामाला लागली. पण जाड मोज्यात बोटांना काहीच कळेना. धागा कुठे, कातडी कुठे, काही उमगेना. दोन मिनिटं तिनं तसंच चाचपडून पाहिलं. मग उजव्या हाताचा चामड्याचा मोजा काढून खाली टाकला.

"मावशी," तेजस्विनी म्हणाली.

"झालंच."

आता धागा तिच्या बोटांना सापडला. पंखाजवळचा फेरा आधी, मग मानेचा. एक टोक ढिलं केलं, दुसरं त्याच्याखालून काढलं. मादीचं अंग तिच्या तळव्यात गरम लागत होतं, काळीज धडधडताना कळत होतं. शेवटचा फेरा निघाला आणि मान मोकळी होताच मादीनं झटका दिला. अनुपच्या बोटातून डोकं निसटलं. विमलाबाईच्या तर्जनीत सुई शिरल्यासारखं झालं.

तिनं हात झटकला नाही. मादीला तसंच धरून ती टेबलापर्यंत गेली आणि हळूच म्हणाली, "हिचं आधी तपासून घ्या. मले दात लागला."

त्यानंतरची पंधरा मिनिटं तेजस्विनी तिचं बोट साबणाच्या पाण्याखाली धरून उभी होती. घड्याळ लावून. नंतर औषध लावलं. मादीचे नमुने घेऊन झाले होते. अनुपनं तिला पिल्लासकट गिरणीच्या भिंतीला लावलं, ती सरपटत वर गेली आणि उडाली. गाडीत बसल्यावर तेजस्विनी म्हणाली, "चूक माझी आहे. मी तुम्हाला हात लावू द्यायला नको होता."

"मोजा मी काढला. तुमी नाही काढला."

तालुक्याच्या दवाखान्यात रेबीजची इंजेक्शनं झाली. पुढची कोणत्या दिवशी घ्यायची ते कागदावर लिहून मिळालं. आणि तेजस्विनीनं सांगितलं की त्या मादीचे नमुने सगळ्यांच्या आधी तपासायला पाठवते; धोका फार नाही, पण खात्री होईपर्यंत वेगळं राहायचं. वेगळी खोली, वेगळी ताटवाटी, सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा.

घरी वेगळी खोली एकच होती, मागाची.

नंदलालनं सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही, काही विचारलंही नाही. मागाच्या खोलीत बाज टाकली, त्यावर गोधडी, मडक्यात पाणी. मग म्हणाला, "कंदील ठेवू का? लाइन जाते तिकडली."

"मोबाईलची बत्ती आहे."

"बरं."

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यात बातमी पसरली. शेजारच्या पार्वताबाईनं फॉल लावायला साडी दिली होती. ती फाटकापाशीच उभी राहिली आणि नंदलालला म्हणाली, "तशीच द्या भाऊजी. फॉल राहू द्या." नंदलालनं साडी आणून दिली, तर तिनं ती पदरानं धरून पिशवीत टाकली. विमलाबाई मागाच्या खोलीच्या दारातून बघत होती. पार्वताबाईला ती दिसली आणि तिनं मान खाली घातली. तीस वर्षांपासूनची शेजारीण. विमलाबाई आत जाऊन बाजेवर भिंतीकडे तोंड करून निजली.

जेवणाचा प्रश्न दुपारी आला. नंदलालनं जन्मात कधी भात शिजवला नव्हता. तो मुनग्याखाली येऊन उभा राहिला.

"पानी किती टाकू वो?"

"तांदूळ किती घेतले?"

"घेतले... दोन मुठी."

"मंग बोटाचं एक पेर वर येईन इतलं. मीठ टाकजा."

पहिल्या दिवशी भात कच्चा राहिला, दुसऱ्या दिवशी करपला. लाखोळीची डाळ त्यानं तीन वेळा घोटली तरी तिच्यात गाठी. ताट तो उंबऱ्याबाहेर ठेवी, पाच पावलं मागे जाई आणि मुनग्याखाली स्वतःचं ताट घेऊन बसे. तोंडाला मास्क लावलेला, जेवताना खाली ओढलेला. विमलाबाई दाराच्या आत बसून जेवी.

"कसं झालं?"

"चांगलं आहे."

"खोटी बोलून राहिली."

"खारट आहे. पन चांगलं आहे."

एवढ्या वर्षांत दोघांनी असं समोरासमोर बसून जेवण केलं नव्हतं. तो आधी जेवायचा, ती मागून. आता पाच पावलांचं अंतर होतं, तरी ताटं समोरासमोर होती. सकाळी तो थर्मामीटर उंबऱ्यावर ठेवी, आकडा ती वाचून सांगे, तो कॅलेंडरवर लिही. मग नागपूरला रेणूला फोन करी. रेणू रडे. तो म्हणे, "अवो, तुह्या मायले काही झालं नाही. मलेच रोज शिव्या देऊन राहिली, बाजेवर बसून."

शिव्या ती देत नव्हती. चौथ्या दिवशी मात्र तिला भीती वाटली. दुपारी अंग कसकसलं, डोकं दुखायला लागलं. थर्मामीटरमध्ये नव्व्याण्णवच्या वर होतं. तिनं आकडा सांगितला नाही.

"किती आला?" नंदलालनं विचारलं.

तिनं थर्मामीटर गोधडीखाली सरकवला. तो उठला आणि पाच पावलं चालत उंबऱ्यापर्यंत आला.

"तिथंच थांबा," ती म्हणाली. "आत येऊ नका. तुमाले माही आन आहे."

तो थांबला. तसाच उंबऱ्याबाहेर, उन्हात, खाली बसला. तेजस्विनीला फोन लावला. ती वीस मिनिटांत आली, डगला घालून आत गेली, तपासलं. दवाखान्याच्या डॉक्टरांना फोनवर विचारून, इंजेक्शनांमुळे असा ताप येतो, घाबरू नका, असं सांगितलं आणि गोळी दिली. संध्याकाळपर्यंत ताप उतरला. पण नंदलाल उंबऱ्यावरून हलला नव्हता. संध्याकाळी परत बघायला आली तेव्हा डॉक्टर म्हणाली, "काका, मास्क नीट लावा आणि थोडं मागे बसा." तो दोन पावलं मागे सरकला.

डॉक्टर गेल्यावर त्यानं मास्क नीट केला. मग एकदम म्हणाला, "मले टायफाईड झालता ते साल आठवते का तुले?"

"रेणू तिसरीत होती."

"महिनाभर मी बाजेवर. अन् लुगडं अर्धं राहिलं होतं मागावर. व्यापारी घाई करे."

विमलाबाईला आठवत होतं. तेव्हा त्यांच्या घरात बाईनं मागावर बसायची रीत नव्हती. सासू हयात होती. तरी दुपारी दार लावून ती बसली होती आणि उरलेलं लुगडं तिनं विणलं होतं, काठासकट. सासूला आवाज ऐकू येत होता. सासूनं ऐकलं नाही असं दाखवलं.

"ते लुगडं व्यापाऱ्यानं हातावर घेतलं," नंदलाल सांगू लागला, "अन् म्हणे, नंदलाल, आजवर तू असं विणलं नाही. पोत पाह्य, म्हणे, काठ पाह्य. चार मानसांत म्हणे. अन् मी हो म्हतलं. सांगतलं नाही की हे तुह्यं आहे. मंग दरवर्षी तो म्हणे, तसं एखांदं विण नं. मले कुठून येईन तसं?"

अंगणात ऊन उतरत होतं. विमलाबाई दाराच्या चौकटीला टेकून बसली होती.

"तेवढं मनात धरून बसले?"

"आता सांगून राहिलो नं."

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "व्यापाऱ्याची बायको सांगून गेली होती मले. तिले अंदाज आलता. म्हणे, हा हात नंदलालचा नाही."

नंदलालनं मान वर केली. "अन् तू बोलली नाही? वीस वर्षं?"

"काहून बोलू? तुमी बोलान, म्हतलं, एखांद्या दिवशी."

त्याला हसू आलं की काय झालं, त्यानं मास्क डोळ्यांपर्यंत ओढून घेतला. विमलाबाई म्हणाली, "उद्या मुनग्याच्या शेंगा टाका डाळीत. गाठी दिसनार नाही." आणि मग दोघंही हसली.

पाहणीचे दिवस असे गेले. त्या दिवसांतली इंजेक्शनं दवाखान्याची नर्स घरी येऊन देऊन गेली, तपासायला रक्तही घेऊन गेली. नंदलालचा भात सुधारला. आठव्या दिवशी त्यानं वांग्याची भाजी केली, ती विमलाबाईनं परत मागून घेतली. मोहल्ल्यातली माणसं फाटकाशी येऊन लांबून चौकशी करू लागली. पार्वताबाई मात्र आली नाही.

अकराव्या दिवशी सकाळी तेजस्विनीची गाडी दारात थांबली. आज डगला नव्हता, मास्कही नव्हता. ते बघूनच नंदलाल उठून उभा राहिला.

"त्या मादीत काही नाही," ती म्हणाली. "कसलाही विषाणू सापडला नाही. तुमच्या रक्तातही नाही, मावशी. बाहेर या."

विमलाबाई उंबऱ्यावर आली आणि तिथंच थबकली. इतक्या दिवसांत त्या दगडाच्या बाहेर पाऊल टाकायची सवय राहिली नव्हती. नंदलाल पुढे झाला. मोहल्ल्यादेखत, दिवसाउजेडी, डॉक्टरसमोर, त्यानं तिचा हात धरला आणि अंगणात आणलं. तिला लाज वाटली, पण तिनं हात सोडवून घेतला नाही. तर्जनीवर आता फक्त एक ठिपका उरला होता.

चहा झाला. नंदलालनं केला. तेजस्विनीनं सांगितलं की तपासलेल्या बाकीच्या वटवाघळांतही रोग सापडला नाही. "पण याचा अर्थ कायमचं नाही असा होत नाही. दरवर्षी येऊन बघावं लागेल. आणि धुरी देऊ नका म्हणावं लोकांना. घाबरली की ती घरांकडे पांगतात. उष्टं फळ खायचं नाही, गिरणीत शिरायचं नाही, एवढं पाळलं तर पुरे."

हे ती गिरणीजवळच्या गावच्या ग्रामसभेतही सांगून आली होती. लोकांनी ऐकून घेतलं. गिरणीला कुलूप लागलं, मिरच्यांची पोती घरी परत गेली.

त्या दिवशी दुपारी पार्वताबाई आली. हातात झाकलेली वाटी. ओसरीवर बसली, उठली, परत बसली. "खीर आणली," ती म्हणाली. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "घरी नातीन आहे नं लहान. मले भेव लागलं."

विमलाबाईनं वाटी घेतली. मनात थोडं राहिलं होतं, ते लगेच गेलं नाही. तिनं तसं दाखवलंही नाही. "साडी कुठं आहे?" तिनं विचारलं. "आन. फॉल लावून देतो." बायकांनी देखील देतो-करतो म्हणायची रीत तिच्या माहेरची.

उरलेली इंजेक्शनं तिनं एकही न चुकवता घेतली. दर खेपेला नंदलाल सोबत. शेवटच्या खेपेला दवाखान्यात डोळ्यांचं शिबिर भरलं होतं. विमलाबाईनं स्वतःचं इंजेक्शन झाल्यावर नवऱ्याला धरून त्या रांगेत नेऊन बसवलं. पुढच्या महिन्यात त्याच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

पुढच्या मार्चमध्ये पथक परत आलं तेव्हा माणसांच्या यादीत विमलाबाईचं नाव होतं. लसी पूर्ण झालेल्या, शिकवणी झालेली, आणि तिच्या मापाचे मोजे तेजस्विनीनं मुद्दाम शोधून आणलेले. पातळ, तरी दात न शिरणारे. पहिल्याच संध्याकाळी तिनं अनुपला आपल्याजवळ उभं केलं आणि धागा ओढायचा नाही, ढिला कसा करायचा, ते शिकवलं. तो दोनदा चुकला, तिसऱ्यांदा त्याला जमलं.

नंदलालही आला होता. डब्यात जेवण घेऊन, गाडीपाशी, ठरवून दिलेल्या जागेवर उभा. काम आटोपत आलं तेव्हा डॉक्टरनं त्याला मास्क लावून टेबलाभोवती बांधलेल्या दोरीपर्यंत बोलावलं. टेबलावरच्या दिव्यात अनुपच्या हातात एक वटवाघूळ होतं, सोडायच्या आधीचं. तांबूस केसांचं, मोठ्या काळ्या डोळ्यांचं. नंदलालनं आयुष्यभर ती फक्त आभाळात पाहिली होती. आता दोन्ही डोळ्यांनी तो बघत राहिला.

"हे तं कुत्र्याच्या पिल्लावानी दिसते वो," तो म्हणाला.

"मंग," विमलाबाई म्हणाली. "तुमाले काय वाटलं?"

अनुपनं हात उघडला. वटवाघूळ मोहाच्या झाडांकडे निघून गेलं. पवनीला परत येताना गाडीत नंदलाल तेच सांगत होता, त्याचे कान कसे, नाक कसं, पायाची बोटं किती बारीक. विमलाबाई दमली होती. तिला ते सगळं ठाऊक होतं, तरी ती मध्येमध्ये हं म्हणत ऐकत राहिली.